न उघडलेली छत्री

माथेरानच्या दस्तुरी नाक्यापुढे मोटार जात नाही. सामान उतरवायचे, भाव ठरवायचा आणि तांबड्या मातीच्या वाटेने पायी किंवा घोड्यावरून पुढे जायचे, हा तिथला शिरस्ता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा पाऊस अजून मनापासून लागला नव्हता. झाडांवरून ठिबकत होते एवढेच. बारा वर्षांची भाची चिमणी नावाच्या एका भुऱ्या घोडीवर बसली होती, घोडेवाले काका लगाम धरून पुढे चालत होते आणि मी घोडीच्या मागे, उजव्या अंगाला, पाचसहा पावलांवर होते. एका वळणावर अचानक सर आली. मी पिशवीतून छत्री काढली आणि बटण दाबले.

पुढचे सगळे दोन-तीन सेकंदांत झाले. आधी घोडीचा एक कान मागे वळला, मग मान वर गेली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला आणि कोणी चारही पाय एकदम उचलून बाजूला ठेवावेत तशी ती डावीकडे सरकली. काकांनी लगाम हिसकला नाही. उलट तो थोडा सैल सोडून ते तिच्या खांद्याला चिकटले आणि घशातल्या घशात ‘हो, हो, हो’ असा एक खालचा सूर धरून उभे राहिले. भाचीने खोगिराची मूठ दोन्ही हातांनी आवळली होती. ‘ताई, आधी छत्री मिटवा,’ ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी मिटवली. आयाळीखाली घोडीची कातडी अजून थरथरत होती, माशी बसल्यावर थरथरते तशी, पण माशी कुठेच नव्हती. नाकपुड्या फुलल्या होत्या आणि तिने तिथेच वाटेवर लीद टाकली.

मी माफी मागू लागले तर काकांनी हात झटकला. ‘तुमचं काही नाही त्यात. हिची आईपण अशीच होती. छत्री दिसली की बुजायची. रक्तातच आहे यांच्या.’

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. ‘रक्तातच आहे’ हे वाक्य वर्गात कोणी उच्चारले की मी लगेच फळ्याकडे वळते. त्या वाटेवर फळा नव्हता आणि काकांना शिकवण्याइतके घोड्याविषयीचे ज्ञानही माझ्याकडे नव्हते. पण ते वाक्य डोक्यात रुतून बसले आणि पुढचे वर्ष-दीड वर्ष मी घोड्यांच्या स्वभावावर झालेले संशोधन जमेल तसे वाचत गेले.

मराठीने घोड्याच्या वागण्याला फार नेमके शब्द दिले आहेत. घोडा बुजतो, अडतो, भडकतो, उधळतो, चौखूर सुटतो, आणि यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. समोर काय आहे ते कळल्यावर प्राणी घाबरतो. बुजणे हे कळण्याच्या आधीचे असते. म्हणूनच घाबरट मूल वेगळे आणि बुजरे मूल वेगळे. चिमणीला छत्री म्हणजे काय हे ठाऊक नव्हते असे नाही, तिने हजारो पाहिल्या असतील. पण डोळ्याच्या कडेला काहीतरी काळे, एका क्षणात दहापट मोठे झाले, आणि तिचे पाय तिच्याआधी निघाले.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची एक पट्टी सोडली तर त्याला जवळजवळ सगळा परिघ दिसतो. मी नेमकी त्या पट्टीच्या काठावर चालत होते. एरवी मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारे त्याचे हृदय भरधाव पळताना दोनशेच्या वर जाते. त्याहून विलक्षण गोष्ट प्लीहेची. घोड्याची प्लीहा तांबड्या पेशींचा मोठा साठा बाळगून असते आणि ॲड्रिनॅलिनचा इशारा मिळताच आकुंचन पावून तो साठा रक्तात ओतते. शांत उभ्या घोड्याच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असेल तर पळताना ते साठच्या पुढे जाते. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक मागाहून, सावकाश चढते. लाळेच्या नमुन्यातही ते मोजता येते. म्हणजे ज्या यंत्रणेमुळे घोडा शर्यत जिंकतो तीच यंत्रणा छत्री पाहून त्याला बाजूला फेकते. वेगासाठी माणसाने शतकानुशतके जे निवडले, त्यालाच पागेत आल्यावर तो खोड म्हणतो, हे मला जरा कृतघ्नपणाचे वाटते.

पण काकांचा मुद्दा वेगळा होता. आई बुजायची, म्हणून मुलगी बुजते. यात दोन शक्यता एकमेकींत गुंतलेल्या आहेत. चिमणीला आईकडून काही जनुके मिळाली असतील. किंवा शिंगरू असताना ती आईच्या पोटाला घासून चालत होती, आई प्रत्येक छत्रीला दचकत होती आणि लेक ते पाहत होती. घोड्याचे पिल्लू जन्मल्यापासून तासा-दोन तासांत उभे राहते आणि त्यानंतर कित्येक महिने आईची सावली सोडत नाही. एवढ्या सहवासात रक्त किती आणि शिकवण किती, हे आईकडे बघून कधीच कळणार नाही. ते कळते बापाकडे बघून, कारण वळू घोडा आपल्या शिंगरांच्या वाऱ्यालाही नसतो. एकाच बापाची शिंगरे वेगवेगळ्या आयांजवळ, वेगवेगळ्या गावांत वाढूनही जर एकसारखी बुजत असतील, तर ते बापाने केवळ जनुकांतूनच दिलेले असणार. फ्रान्समध्ये मार्टिन हाउसबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सातशेहून अधिक घोड्यांच्या चाचण्या मांडल्या, तेव्हा नव्या वस्तूला बिचकण्यात बापाचा असा ठसा त्यांना दिसला. त्याच अभ्यासात काही गोष्टींवर मात्र बापापेक्षा घोड्याच्या कामाचा, त्याच्या रोजच्या जगण्याचा ठसा अधिक होता.

या संशोधनात छत्री वारंवार भेटते, याची मला आधी गंमत वाटली. फ्रान्समधल्याच लेआ लान्साद या संशोधिकेने स्वभावाच्या चाचण्यांचा जो संच बसवला, त्यात घोडा बादलीतून खात असतो, समोर एक छत्री फटकन उघडते, आणि मग दोन गोष्टी मोजतात: तो किती लांब पळाला आणि पुन्हा बादलीत तोंड घालायला त्याने किती वेळ लावला. तीच शिंगरे आठ महिन्यांची असताना आणि पुन्हा दीड वर्षाची असताना तपासली. जी पहिल्यांदा फार बिचकली तीच दुसऱ्यांदाही फार बिचकली, आणि छत्रीला बिचकणारी जमिनीवर अंथरलेल्या अनोळखी चटईलाही बिचकली. स्वभाव म्हणतात तो हाच, काळ बदलला आणि वस्तू बदलली तरी टिकणारा. त्याच संचात घोड्याच्या खांद्यावरच्या उंचवट्याला नायलॉनचे बारीक तंतू टेकवून कातडी थरथरते का तेही पाहतात. कोणाची थरथरते, कोणाची नाही. ते वाचताना मला चिमणीची माशीविना थरथरणारी मान आठवली.

शर्यतीच्या इतिहासातही एक छत्री आहे. १८८१ साली इंग्लंडमध्ये जन्मलेला सेंट सायमन एकही शर्यत हरला नाही, पण पागेत त्याच्याजवळ जाणे म्हणजे जिवाशी खेळ होता. त्याला सोबत म्हणून दिलेली मांजर त्याने मारून टाकली, असे सांगतात. आणि असेही सांगतात की हा सैतान फक्त छत्रीला भ्यायचा, इतका की पुढे मोतद्दार काठीच्या टोकाला गोल टोपी अडकवून तिची छत्री भासवायचे आणि त्याला ताब्यात ठेवायचे. गोष्ट तिखटमीठ लावलेली असेल. पण सेंट सायमन पुढे ब्रिटनमध्ये नऊ वेळा वर्षाचा अव्वल वळू ठरला आणि थरोब्रेड या शर्यतीच्या जातीतल्या आजच्या असंख्य घोड्यांच्या वंशावळीत त्याचे नाव अनेकवार येते. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर पळणाऱ्या घोड्याची वंशावळ मागे नेली तर तो भेटण्याचीच शक्यता जास्त. थरोब्रेडची वंशावळ-वही १७९१ पासून बंद दाराआड चालते. तीन आयात वळूंपर्यंत पितृवंश पोहोचतो, आणि आजच्या बहुतेक थरोब्रेड नरांचा तो त्यांतल्या एकट्या डार्ले अरेबियनकडे जातो. एवढ्या लहान डोहातले पाणी ढवळत राहिले तर गुणांबरोबर गाळही वर येणारच.

आता आकडा. जपानमध्ये शर्यतीच्या घोड्यांची वैद्यकीय तपासणी होताना त्यांनी किती प्रतिकार केला, छाती तपासताना आणि रक्त घेताना ते कसे वागले, याची नोंद वापरून २००७ साली काढलेले आनुवंशिकतेचे प्रमाण पाव भागाच्या आसपास निघाले. हा आकडा वर्गात सांगितला की मुले हमखास एक चूक करतात, आणि शिक्षकही करतात. ‘या घोड्याची पाव भीती बापाकडून आली आणि पाऊण बाहेरून’ असा त्याचा अर्थ नाही. एका घोड्याच्या भीतीचे असे वाटे पडतच नाहीत. तव्यावरच्या भाकरीत पिठाचा वाटा किती आणि आचेचा किती हे विचारण्यासारखे ते होईल. आकडा कळपाबद्दल बोलतो. घोड्याघोड्यांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा जनुकांच्या फरकाने समजावता येतो, आणि तोही त्या कळपात, त्या पागांत, त्या दाणापाण्यावर. सगळ्या घोड्यांना एकसारखे सुख दिले तर उरलेला फरक जनुकांचा असेल आणि आकडा वाढेल. चिमणी एकटीच्या बाबतीत तो मुका आहे.

घोड्याच्या जनुकसंचाची पूर्ण संहिता २००९ साली प्रसिद्ध झाली; ट्वायलाइट नावाच्या एका थरोब्रेड घोडीच्या रक्तातून ती वाचली होती. त्यानंतर काही गुणांची जनुके पटापट हाती लागली. २०१० मध्ये डब्लिनच्या एमेलिन हिल यांनी स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकात असा एक फरक दाखवला की त्यावरून घोडा छोट्या अंतराचा की लांब पल्ल्याचा हे सांगता येते. २०१२ मध्ये स्वीडनच्या गटाने एकाच जनुकातल्या बदलाने काही जातींना कदमबाजी ही खास चाल कशी जमते ते दाखवले. पाय आणि स्नायू असे सरळ बोलले. स्वभाव बोलत नाही. जपानमध्ये २००५ साली, एकाच ठिकाणी सारख्या दिनक्रमात राहणाऱ्या दोन वर्षांच्या थरोब्रेडमध्ये डोपामिन हे मेंदूतले रसायन टिपणाऱ्या ग्राहक प्रथिनांपैकी चौथ्याच्या जनुकाचा कुतूहलाशी आणि सावधपणाशी संबंध दिसला. २०१६ मध्ये तिथेच सेरोटोनिन या तशाच दुसऱ्या रसायनाच्या एका ग्राहकाच्या जनुकाचा घोडा किती ऐकतो याच्याशी संबंध दिसला, आणि तो माद्यांत अधिक ठळक होता. पण हेच डोपामिनचे जनुक नव्वदच्या दशकात माणसाच्या ‘साहसप्रियते’चे जनुक म्हणून मिरवले गेले होते आणि पुढच्या अभ्यासांत त्याचा तोरा बराच उतरला. त्यामुळे घोड्यातल्या निष्कर्षांकडेही मी जपूनच बघते. बुजण्यामागे एक जनुक नाही, शेकडो आहेत, आणि प्रत्येकाचा धक्का चिमटीएवढा.

एक जनुक मात्र मनातून जात नाही. २०२१ मध्ये लुदोविक ऑर्लांदो यांच्या गटाने प्राचीन घोड्यांच्या २७३ जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजचे सगळे पाळीव घोडे व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या खोऱ्यातल्या एका वंशाचे आहेत आणि सुमारे ४२०० वर्षांपूर्वी ते तिथून झपाट्याने पसरू लागले, असे त्यातून दिसले. या पसरलेल्या वंशात जनुकसंचाच्या दोन जागा खास निवडल्या गेल्याच्या खुणा होत्या. एका जागेचा संबंध पाठीच्या कण्याशी लावतात. स्वार पेलायचा तर पाठ हवी. दुसरी जागा झेडएफपीएम १ नावाच्या जनुकाजवळची. मेंदूच्या बुंध्यात सेरोटोनिन स्रवणाऱ्या काही पेशी घडायला हे जनुक लागते, आणि उंदरांत ते बंद पाडले तर ते चिंतातुर होतात, भीतीच्या आठवणी वेगळ्या तऱ्हेने साठवतात. कुठल्यातरी गवताळ मैदानात कोणीतरी, लिहितावाचता न येणाऱ्या एखाद्या पशुपालकाने, कळपातली कमी बुजणारी घोडी ठेवून घेतली आणि बाकीच्या खाल्ल्या. हे हजारदा घडले. चिमणी छत्रीला दचकून पुन्हा वाटेवर आली ती त्यामुळे. तिच्या रानटी पूर्वजाने भाचीसकट दरी गाठली असती.

खोड या शब्दाने मला पुढच्या डिसेंबरात सारंगखेड्याला नेले. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरा. रांगाच रांगा, अगाडी-पिछाडीला बांधलेल्या. बाजारात खोड हा शब्द दुहेरी चालतो: अंगावरची अशुभ खूण म्हणजेही खोड आणि वाईट सवय म्हणजेही खोड. एक वयस्कर गिऱ्हाईक काळ्या घोडीच्या अंगावर तळहात फिरवत भोवरे, म्हणजे केसांचे गोल वळसे, मोजत होते. गळ्याखालचा देवमण हा शुभ भोवरा पाहून ते खूश झाले, डोळ्याखाली आसूढाळ हा अशुभ भोवरा नाही याची त्यांनी दोनदा खात्री केली, आणि गोम, म्हणजे केसांची लांबट रेघ, कुठे वळते ते पाहायला तर चक्क चष्मा बदलला. चार पाय पांढरे आणि कपाळावर पांढरे असा पंचकल्याणी शेजारीच उभा होता, त्याची किंमत ऐकून मी पुढे सरकले.

शालिहोत्राच्या, म्हणजे जुन्या अश्वशास्त्राच्या, परंपरेतली ही लक्षणे मालकाचे भाग्य सांगतात, घोड्याचा स्वभाव नव्हे, आणि मी त्यांना हसणारच होते. पण पोलंडमध्ये कोनिक जातीच्या घोड्यांवर झालेल्या एका अभ्यासात कपाळावरचा भोवरा लांबट किंवा दुहेरी असलेले घोडे अनोळखी वस्तूजवळ यायला जास्त वेळ लावतात, असे दिसले होते. गर्भात कातडी आणि मज्जासंस्था एकाच थरातून घडतात, तेव्हा दोहोंत काही नाते असणे अशक्य नाही. नाते पुसट आहे. त्यावर घोडा घेऊ नये. रंगाचेही तसेच. तांबूस घोडा तापट, ही समजूत जगभर आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ती तपासली, तर तांबूस घोडे नव्या वस्तूंकडे जरा जास्त धीटपणे जातात एवढेच निघाले. ते आवरायला कठीण असतात असे काही निघाले नाही.

त्या गिऱ्हाइकाने भोवरे मोजून झाल्यावर जे केले ते मात्र मला कोणत्याही प्रयोगशाळेत शोभले असते. गप्पा मारता मारता, घोडीकडे पाठ करून, त्यांनी खांद्यावरचे उपरणे एकदम झटकले. घोडी मागे सरली, दोर ताणला, आणि ते तिच्याकडे न बघता मनात आकडे मोजत असावेत तसे उभे राहिले. थोड्या वेळाने तिने मान खाली घालून वैरणीत तोंड घातले. ‘लवकर आली परत,’ ते मुलाला म्हणाले, ‘वरातीला चालेल.’ लान्सादबाईंची बादली आणि छत्री हीच. घोडी पळाली किती यापेक्षा परतली कधी हे महत्त्वाचे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. वरातीत बँड, फटाके आणि डीजे यांच्या मध्ये उभे राहणे हे घोड्याच्या कानांवर केवढे मोठे संकट आहे, ते वेगळेच. आणि खाटेवर दोन पायांनी नाचवायचे घोडे पाहून मला तिथून निघावेसेच वाटले.

पागेतल्या खोडी याहून वाईट असतात, कारण त्या नाचासारख्या दिसत नाहीत. पुण्याजवळच्या एका पागेत मी एक देखणा, खस्सी केलेला थरोब्रेड पाहिला. दिवसातले बावीस तास तो चार भिंतींत होता. दर काही सेकंदांनी तो गव्हाणीची लाकडी कड वरच्या दातांनी पकडायचा, मानेचे खालचे स्नायू दोरखंडासारखे फुगायचे आणि ढेकर उलटी गिळावी तसा आवाज करून तो हवा आत ओढायचा. लाकूड तिथे वाटीसारखे झिजले होते. त्याच्या गळ्यात ही खोड मोडायचा चामडी पट्टा बांधलेला होता आणि तरी तो ओढतच होता. ‘बापाचीच सवय आहे,’ पागेतल्या माणसाने सांगितले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हेही ऐकवले.

बापाचा भाग खोटा नाही. इतर जातींपेक्षा थरोब्रेडमध्ये ही खोड जास्त आढळते आणि काही घराण्यांत तर फारच. फिनलंडमधल्या अभ्यासात तिथल्या देशी घोड्यांतही ती वंशातून उतरते असे दिसले. पण त्यासाठी संशयित जनुके एकेक करून तपासली तेव्हा एकही पकडता आले नाही. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये सव्वादोनशे थरोब्रेड आणि अर्धथरोब्रेड शिंगरांवर चार वर्षे नजर ठेवली, तेव्हा दूध तोडल्यावर ज्यांना धान्याचा खुराक सुरू केला त्यांच्यात हवा ओढण्याची सवय लागण्याचा वेग चौपट निघाला, आणि आईपासून तोडून खोलीत कोंडलेल्या शिंगरांत विकृत सवयी अधिक दिसल्या. मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतो. त्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरते, खाणे असो वा नसो. त्याला दोन वेळची चंदी घालून बाकी दिवस रिकामा ठेवायचा आणि मग रिकामे तोंड लाकूड धरते तेव्हा बापाला नाव ठेवायचे, यात सोय कोणाची आहे ते उघड आहे. फ्रान्समधल्या सोमूरच्या घोडेस्वारी शाळेत एकाच तऱ्हेने राहणाऱ्या ७६ घोड्यांमध्येही कोणता घोडा कोणती विकृत सवय धरतो हे त्याच्याकडून कोणते काम करून घेतात त्यानुसार बदलत होते. शोभेच्या काटेकोर चाली करणाऱ्यांची स्थिती सर्वांत वाईट होती. जनुक बहुधा घोड्याचा उंबरठा ठरवते. कोणाचा बोटभर, कोणाचा गुडघाभर. पाणी किती चढवायचे ते पागेवाल्याच्या हातात असते.

आणि उंबरठाही दगडी नसतो. लान्साद यांच्याच एका प्रयोगात दहा महिन्यांच्या १९ शिंगरांपैकी काहींना बारा आठवडे समृद्ध जीवन दिले: मोठी खोली, रोज कुरण, सोबती, खाण्यात वेगवेगळ्या चवी. बाकीची नेहमीच्या छोट्या खोलीत राहिली. सुखातली शिंगरे कमी बुजू लागलीच, आणि त्यांच्या रक्तातल्या पेशींमध्ये कोणती जनुके जागी आहेत तेही बदलले. वाढीची कामे करणारी जनुके जागी झाली, तर कोंडलेल्यांत पेशीमरणाशी निगडित जनुके. जनुके तीच. मी वर्गात आता हा प्रयोग सांगते, तेव्हा ‘रक्तातच आहे’ म्हणणाऱ्या मुलांचे डोळे जरा बारीक होतात.

पण मला स्वतःला गप्प केले ते दुसऱ्याच एका छत्रीने. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांनी घोड्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा न्यायचे होते. माणूस आणि घोडा, दोघांच्याही हृदयाचे ठोके मोजले जात होते. चौथ्या फेरीआधी माणसाला सांगितले की आता तुम्ही पुढे जाल तेव्हा एक छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही. घोड्याला कोणी काही सांगितले नव्हते. लगामाच्या दोन हात दोरीतून, किंवा श्वासातून, किंवा पावलाच्या पडण्यातून त्याला कळले. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिते सोडवायचा. विचारणाऱ्याच्या नकळत हलणाऱ्या मानेवरून तो कुठे थांबायचे ते ओळखतो, हे १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने उलगडले होते. मला ते नेहमी घोड्याच्या फसवणुकीचे उदाहरण वाटायचे. खरे तर त्यात फसलेला कोणीच नव्हता, घोडा तर मुळीच नाही.

माथेरानच्या त्या वळणावर मी छत्रीसाठी पिशवीत हात घातला तेव्हा काकांना ती चाहूल लागली होती का, हे मला कळत नाही. लागली असेल तर आईच्या आठवणीने त्यांचा हात लगामावर आधीच घट्ट झाला असेल. म्हणजे चिमणीची आई बुजायची, म्हणून काका दचकायचे, म्हणून चिमणी बुजते, अशीही एक वाट आहे, आणि ती वाट रक्तातून जात नाही. फ्रान्समध्ये सेव्हरिन आन्री यांनी विण्याच्या वेळेनंतरचे पहिले पाच दिवस फक्त घोडीला रोज हळुवार खरारा केला, शिंगराला हातही लावला नाही. ती शिंगरे पुढे माणसाजवळ आपणहून येत. आईचे माणसाशी जे चालले आहे ते पाहूनच.

गेल्या फेब्रुवारीत डोंगराच्या पायथ्याच्या गावात काकांच्या घरी गेले. चिमणी व्याली होती. गोठ्यात दोन खांबांच्या मध्ये, जमिनीपासून हातभर उंचीवर, मोडक्या काड्यांची एक काळी छत्री उघडी बांधून ठेवली होती.

‘बाप कुठला?’ मी विचारले.

‘कर्जतकडचा. एकदम थंड होता,’ काका म्हणाले. ‘पण मी म्हटलं, भरवसा कशाला ठेवा?’

चिमणी छत्रीपासून जेवढी दूर जाता येईल तेवढी, दोर पुरता ताणून, पलीकडच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिचा एक कान सतत इकडे होता. शिंगराने छत्रीची एक काडी तोंडात धरली होती आणि तिच्या टोकाला लोंबणारे काळे कापड ते अगदी मन लावून चोखत होते.